पोटगीची वसुली सरकारने करावी. पण जाब कोणाला विचारायचा?

मुलाच्या पोटगीचा प्रश्न न्यायालयात सुटतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिथे सुटतो तो प्रश्नाचा केवळ पूर्वार्ध. रक्कम किती असावी, हे न्यायाधीश ठरवतात. ती दर महिन्याला मुलापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही एका कार्यालयाची नसते. आदेशाची प्रमाणित प्रत हाती पडली म्हणजे मुलाच्या शाळेचे शुल्क भरले गेले, असे होत नाही. वसुलीचे काम सरकारी यंत्रणेने स्वतःकडे घ्यावे, अशी सूचना आपल्याकडे म्हणूनच अधूनमधून पुढे येते. ही सूचना वरवर पाहता निर्विवाद वाटते. ब्रिटनने मात्र ती तीस वर्षांपूर्वी अमलात आणली आणि त्या प्रयोगाचा ताळेबंद आज आपल्यासमोर आहे. पोर्तुगीज पारपत्राच्या आधाराने स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावलेल्या हजारो गोमंतकीयांमुळे तो देश गोव्याला परका नाही. त्यामुळे हा ताळेबंद आपण बारकाईने वाचायला हवा.

बचतीच्या पोटी जन्मलेली संस्था

ब्रिटनमध्ये १९९१ चा बालनिर्वाह कायदा मंजूर झाला आणि ५ एप्रिल १९९३ रोजी ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’ कामाला लागली. तोवर पोटगी ठरवण्याचे काम न्यायालये करीत. रकमांत एकवाक्यता नव्हती आणि वसुली ढिली होती. विभक्त मातांचा भार सरकारी साहाय्य योजनांवर वाढत चालला होता. पित्याने जबाबदारी टाळावी आणि करदात्याने ती उचलावी, हे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला मान्य नव्हते. नव्या संस्थेची संकल्पना त्याच सरकारच्या काळात आकाराला आली.

या उगमातच पुढच्या अपयशाचे बीज होते. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या आईसाठी वडिलांकडून जी पोटगी वसूल होई, तेवढीच रक्कम तिच्या साहाय्यातून कापली जाई. वडिलांनी शंभर पौंड भरले, तरी मुलाच्या वाट्याला एक पौंडही वाढीव येत नसे. तो पैसा सरकारी तिजोरीत जिरे. शिवाय अशा मातांवर संस्थेकडे अर्ज करण्याची सक्ती होती. ही सक्ती २००८ मध्ये गेली आणि पोटगीची पूर्ण रक्कम साहाय्यातून न कापता आईकडे राहू लागली ती २०१० पासून. ज्या सेवेच्या नावात ‘बाल’ हा शब्द होता, तिची खरी लाभार्थी सतरा वर्षे बव्हंशी सरकारी तिजोरी होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

पित्यांचा रोषही काही कमी नव्हता. घटस्फोटाच्या वेळी राहते घर पत्नीच्या नावे करून ज्यांनी एकरकमी हिशेब मिटवला होता, त्यांनाही नव्या सूत्रानुसार पुन्हा देणे लागू झाले. सूत्र इतके किचकट होते की, आपली रक्कम कशी आली हे देणाऱ्यालाही उमगत नसे आणि घेणारीलाही. पहिल्या मुख्याधिकारी रॉस हेपलव्हाइट यांनी दीड वर्षाच्या आत, सप्टेंबर १९९४ मध्ये, पद सोडले.

संगणकाने केलेला घात

सूत्र सोपे करायचे ठरले. मुलांच्या संख्येनुसार निव्वळ उत्पन्नाच्या १५, २० किंवा २५ टक्के, अशी नवी पद्धत मार्च २००३ पासून लागू झाली. तिच्यासाठी ‘ईडीएस’ या कंपनीकडून ४५.६ कोटी पौंडांची संगणक प्रणाली घेण्यात आली. ती सुरुवातीपासूनच अडखळत चालली. प्रकरणे प्रणालीत अडकून पडू लागली, कर्मचारी हाताने हिशेब करू लागले, आणि जुन्या व नव्या सूत्रांची प्रकरणे शेजारी शेजारी तुंबत गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये आणखी एका मुख्याधिकाऱ्यांनी, डग स्मिथ यांनी, पद सोडत असल्याचे जाहीर झाले.

ब्रिटनच्या ‘नॅशनल ऑडिट ऑफिस’चा, म्हणजे तिथल्या महालेखापरीक्षकांचा, २००६ चा अहवाल या प्रकरणातला सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. सुधारणांवर सुमारे ५४ कोटी पौंड खर्च झाले होते. एक पौंड मुलापर्यंत पोहोचवण्यासाठी संस्थेला सुमारे ७० पेन्स खर्च येत होता. साचलेली थकबाकी साडेतीन अब्ज पौंडांवर गेली होती आणि तिच्यातील साठ टक्क्यांहून अधिक रक्कम वसूल होण्याजोगी उरलेली नाही, असे मानले जात होते. त्याच वर्षी सर डेव्हिड हेन्शॉ यांच्या अहवालाने संस्था मोडीत काढून नवी रचना उभारण्याची शिफारस केली. २००८ मध्ये आयोग आला, २०१२ मध्ये तोही बरखास्त झाला, आणि काम थेट ‘कार्य व निवृत्तिवेतन’ खात्याकडे गेले. डिसेंबर २०१२ पासून ते ‘चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस’ या नावाने चालू आहे.

पाटी तीनदा बदलली. थकबाकी मात्र वारशाने पुढे आली. जुन्या संस्थेच्या थकबाकीचा मोठा भाग २०१८ नंतर निर्लेखित करण्यात आला. सरकारी भाषेत याला हिशेब स्वच्छ करणे म्हणतात. ज्या मुलांच्या वाट्याची ती रक्कम होती, ती तोवर मोठी होऊन कामाधंद्यालाही लागली होती.

आजची सेवा कशी चालते

सध्याच्या पद्धतीचा हिशेब तुलनेने सुटसुटीत आहे. देणाऱ्या पालकाचे ढोबळ साप्ताहिक उत्पन्न कर खात्याकडून थेट घेतले जाते. ते २०० ते ८०० पौंडांच्या दरम्यान असेल, तर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ टक्के आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के, हा मूळ दर आहे. आठवड्याला ५०० पौंड मिळवणाऱ्याला एका मुलासाठी ६० पौंड द्यावे लागतात. मूल वर्षातील ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहात असेल, तर रक्कम एक सप्तमांशाने घटते.

पैसे देण्याच्या वाटा दोन. रक्कम सेवेने ठरवायची आणि पालकांनी आपापसांत देवघेव करायची, ही पहिली. सेवेने स्वतः वसूल करून पोहोचवायची, ही दुसरी. दुसऱ्या वाटेवर २०१४ पासून शुल्क बसले : देणाऱ्यावर २० टक्के आणि घेणाऱ्यावर ४ टक्के. वरच्या उदाहरणात वडिलांच्या खिशातून ७२ पौंड जातात आणि मुलाच्या घरी ५७ पौंड ६० पेन्स पोहोचतात. पती पैसे देत नाही म्हणूनच जी आई सरकारकडे गेली, तिच्याच मुलाच्या वाट्यातून सरकारने शुल्क कापावे, या व्यवस्थेवर तिथे सातत्याने टीका झाली आहे. आपापसांतील देवघेवीची वाटच बंद करण्याचा आणि वेळेवर भरणाऱ्यांचे शुल्क कमी करण्याचा मनोदय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.

अधिकारांच्या बाबतीत ही सेवा दुबळी मुळीच नाही. पगारातून कपात, बँक खात्यातून वसुली, मालमत्तेवर जप्ती, वाहन परवाना व पारपत्र स्थगित करणे, आणि अखेरीस न्यायालयामार्फत सहा आठवड्यांपर्यंतचा तुरुंगवास, असा भरभक्कम शस्त्रसाठा तिच्याकडे आहे. उणीव आहे ती शस्त्र वेळेवर उचलण्याची. नोकरदाराच्या पगारातून कपात करणे सोपे. पण स्वतःच्या कंपनीतून नाममात्र पगार आणि बाकी लाभांश घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी आईला वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याच्या मिळकतीचा माग बऱ्याचदा तिलाच काढावा लागतो.

आकड्यांचा पडदा

उत्तरदायित्वाचा पहिला कस आकड्यांत लागतो. सरकारी वसुलीच्या वाटेवरील किती पालक पोटगी ‘भरतात’, याचा जो आकडा तिथे बराच काळ ठळकपणे मांडला जात असे, त्यात तिमाहीतील देय रकमेपैकी थोडीफार रक्कम भरणाराही ‘भरणारा’ म्हणून मोजला जाई. सहाशे पौंड देय असताना वीस पौंड टेकवणारा बाप आणि पैन् पै चुकती करणारा बाप एकाच रकान्यात. आपापसांतील देवघेवीच्या वाटेवर तर पैसे खरोखर दिले गेले की नाही, हे खाते पाहतच नाही. दिले असावेत, असे धरून चालते. आईने तक्रार करेपर्यंत सगळे आलबेल.

महालेखापरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये या सेवेची पुन्हा तपासणी केली. सरकारचा सहभाग आणि करदात्यावरचा बोजा कमी करण्यात २०१२ नंतरच्या सुधारणा यशस्वी झाल्या. पण प्रत्यक्ष पोटगी मिळणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण त्यांनी वाढले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. निर्लेखन केले नाही, तर थकबाकी मार्च २०३१ पर्यंत एक अब्ज पौंडांवर जाईल, असा इशाराही त्यांनी दिला. त्याच वर्षी लोकलेखा समितीने सांगितले की, विभक्त कुटुंबांतील निम्म्या, म्हणजे सुमारे १८ लाख मुलांना दुसऱ्या पालकाकडून काहीच मिळत नाही.

हे आकडे नामुष्कीचे आहेत खरे. परंतु ते बाहेर येतात, छापले जातात, आणि त्यांवरून मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना समितीपुढे बसवून प्रश्न विचारले जातात, ही ब्रिटिश व्यवस्थेची जमेची बाजू नजरेआड करता कामा नये. तिथल्या अपयशाविषयी आपण इतके तपशिलाने बोलू शकतो, तेच मुळी त्यांच्या लेखापरीक्षणामुळे.

हक्क काढून घेतला, कर्तव्य मात्र स्वीकारले नाही

खरी मेख याहून खोल आहे. वसुलीचे काम सरकारकडे गेले, तेव्हा पोटगीसाठी स्वतः न्यायालयात जाण्याचा आईचा मार्ग बहुतेक प्रकरणांत बंद झाला. मग संस्थेने हयगय केली, तर तिने काय करायचे?

चार मुलांच्या एका आईने हाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे नेला. संस्था वर्षानुवर्षे थकबाकी वसूल करीत नाही आणि कायदा मला स्वतः वसूल करू देत नाही, हे माझ्या नागरी हक्काचे उल्लंघन आहे, असे तिचे म्हणणे होते. जुलै २००५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तिचा दावा फेटाळला गेला. वसुलीचा अधिकार कायद्याने राज्यसंस्थेला दिला आहे. आईकडे उरतो तो संस्थेला तिच्या कर्तव्याची आठवण करून देण्याचा आणि फार तर तिच्या निर्णयाच्या न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती बॅरोनेस हेल यांनी भिन्नमत नोंदवले. हा वाद आई आणि संस्था यांच्यातील नसून पालनपोषण मिळण्याच्या मुलांच्या हक्काचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. २००८ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही या आईच्या पदरी निराशाच आली.

दरम्यान, २००७ मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरवले की, संस्थेच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तरी तिच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही; कारण अशा कुटुंबांप्रती तिचे तसे विधिमान्य दायित्व नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे चित्र स्पष्ट होते. वसुलीचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला, आणि वसुली न झाल्याची भरपाई मात्र कोणाकडेच मागता येत नाही.

तक्रारीच्या वाटा नाहीत, असे नाही. रकमेविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करता येते. कारभाराविरुद्धच्या तक्रारींसाठी १९९७ पासून स्वतंत्र प्रकरण परीक्षक आहे. त्याच्याही पुढे संसदीय लोकपाल आहे. मात्र त्याच्यापर्यंत खासदारामार्फतच जावे लागते. या सगळ्या पायऱ्या चढून जाईस्तोवर पहिलीतले पोर पाचवीत गेलेले असते. पोटगीचा स्वभावच असा की, उशिरा मिळालेली पोटगी ही पुरती पोटगी उरत नाही. सहाव्या वर्षी न मिळालेले दूध सोळाव्या वर्षी व्याजासह देता येत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे

आता आपल्या अंगणाकडे वळू. कौटुंबिक बाबतीत गोव्याला पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, तर सीमेपलीकडे सिंधुदुर्गात किंवा बेळगावात वैयक्तिक कायदे चालतात. मुलाच्या पोटगीपुरते मात्र फौजदारी प्रक्रियेतील कलम सर्वांना सारखेच लागू आहे. पूर्वीचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. औरस-अनौरस असा भेद त्यात नाही. महिना पाचशे रुपयांची हास्यास्पद कमाल मर्यादा २००१ मध्ये हटली. अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही तेव्हाच ठरले.

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात दोन्ही पक्षांना मिळकतीचे व देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले, आणि आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे करता येईल, हेही सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पोटगीच्या वसुलीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती आणता येते. न भरणाऱ्याला महिन्यागणिक एक महिन्यापर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि तुरुंगात बसल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

कायद्यात उणे फारसे काही नाही. उणे आहे ते कायदा चालवणाऱ्या हातांत. आपल्याकडे हक्क शाबूत आहे. पण तो बजावण्याचा सारा भार आईवर आहे. थकबाकी साचली की नवा अर्ज करायचा. तोही देय तारखेपासून वर्षाच्या आत. नाहीतर त्या कलमाखालचे वसुलीचे वॉरंट हातचे जाते. पतीचा पत्ता, नोकरी, बँक खाते हे सारे तिनेच शोधायचे. समन्स बजावले गेले नाही की पुढची तारीख. मडगावला किंवा म्हापशाला एका तारखेसाठी एक रोजंदारी बुडवणाऱ्या बाईला बारा तारखांचा खर्च मिळणाऱ्या पोटगीहून जड जातो, आणि ती न्यायालयात येणे सोडते. प्रकरण निकाली निघाल्याची नोंद होते. रक्कम मिळाल्याची होत नाही. राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळे प्रलंबित आणि निकाली प्रकरणे मोजते. किती रुपयांच्या पोटगीचे आदेश झाले आणि त्यांतले किती मुलांच्या हाती पडले, हे त्यावर दिसत नाही.

गोव्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. इथले अनेक कर्ते पुरुष बोटीवर, आखातात किंवा विलायतेत असतात. परदेशी जहाज कंपनीच्या पगारावर इथल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश बजावणे सोपे नाही. बाप स्विंडनला आहे म्हणून तिथली सरकारी सेवा धावून येईल, असेही नाही. आई, मूल आणि बाप हे तिघेही ब्रिटनचे नित्य रहिवासी असतील, तरच साधारणतः ती लागू होते. मूल सासष्टीत आणि बाप विलायतेत असेल, तर दोन देशांच्या न्यायालयांमधून जाणारी लांबची वाटच तेवढी उरते. पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७ मध्ये झालेल्या हेग कराराबाहेर भारत अजून आहे. त्यात सामील होण्याची मागणी कोणी रेटायची असेल, तर ती गोव्याने आणि केरळने रेटावी. कारण परदेशी गेलेल्या बापांची मुले याच राज्यांत मोठ्या संख्येने आहेत.

मग काय उभारावे?

ब्रिटनची नक्कल करावी, असा याचा अर्थ नाही. त्यांचा धडा दुहेरी आहे : सरकारी वसुली यंत्रणा हवी, पण ती आईच्या हक्काच्या जागी नव्हे, त्या हक्काच्या जोडीला हवी. न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहिला पाहिजे.

गोव्यासारख्या दोन-तीन जिल्ह्यांच्या राज्यात याची सुरुवात मोठ्या खर्चाविना होऊ शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आज अस्तित्वात आहेत आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुले मोफत विधी साहाय्याला पात्र आहेत. त्यांच्याच जोडीला पोटगी वसुलीचा एक कक्ष असावा. आदेश झाल्या दिवशी त्याची नोंद तिथे जावी, नोकरदाराच्या पगारातून कपातीचे पत्र मालकाकडे तिथूनच निघावे, आणि महिना चुकला तर नवा अर्ज कक्षाने करावा, आईने नव्हे. देणाऱ्याची नोकरी गेली किंवा तो आजारी पडला, तर रक्कम बदलून घेण्याची वाटही तितकीच सोपी असावी. ज्याला खरोखर भरता येत नाही आणि जो भरायचे टाळतो, अशा दोघांना एकाच तराजूत तोलणारी यंत्रणा दोन्ही बाजूंचा विश्वास गमावते, हे १९९३ ने दाखवले आहे.

जर्मनी याच्या एक पाऊल पुढे आहे. तिथे १९८० पासून, बापाने पैसे दिले नाहीत तर ठरावीक रक्कम सरकार आधी मुलाला देते आणि मग बापाच्या मागे लागते. २०१७ पासून ही सोय अठराव्या वर्षापर्यंत वाढवली आहे. सरकारने दिलेल्या पैशांतला मोठा भाग वसूल होत नाही, ही त्या योजनेची मर्यादा. पण त्या तोट्याची झळ तिजोरीला बसते; मुलाला बसत नाही. गृह आधारसारख्या योजनेतून गृहिणींना दरमहा साहाय्य देणाऱ्या गोवा सरकारला ही कल्पना अगदीच अनोळखी वाटू नये.

यांपैकी कोणतीही रचना निवडली, तरी एक अट सुरुवातीलाच कायद्यात लिहिली गेली पाहिजे. दर वर्षी विधानसभेच्या पटलावर तीन आकडे मांडले जावेत : किती रुपयांच्या पोटगीचे आदेश झाले, त्यांपैकी किती रुपये पूर्ण आणि वेळेवर पोहोचले, आणि किती थकले. ‘थोडेफार भरणारे’ हा चौथा रकाना नको. आणि कक्षाच्या हयगयीमुळे वसुली बुडाली, तर त्याची भरपाई मागण्याचा मुलाचा हक्क त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत असावा. ब्रिटनने एवढी एक ओळ लिहायची टाळली, आणि तीस वर्षे पाट्या बदलत राहिला.